संभाजीनगरात बिनरेघांची स्ट्रॉ

छत्रपती संभाजीनगरला जाऊन आले म्हटलं की ऐकणारा पहिल्यांदा विचारतो, "वेरूळ बघितलं का?" बघितलं. रस्त्यावरच्या पाटीवर. दुसरा प्रश्न, पैठणी घेतली का? पैठणला तर पोचलेच नाही. मग दोन दिवस तिथं केलंस तरी काय, असं नणंदेनं जरा खोचकपणे विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं, की ज्यूस सेंटरं हिंडले. तिला ते पटलं नाही, म्हणून हे सगळं बैजवार लिहून काढतेय.

मी कोल्हापूरजवळच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते आणि शिकवता शिकवता पीएच.डी. करते. इतकी वर्षं करतेय, की शेजारच्या मुलीची दहावी, लग्न आणि बारसं माझ्या प्रबंधाच्या आधी उरकलं. विषय सांगते, घाबरू नका. ऑक्साइडचे दोन थर एकावर एक चढवायचे, अगदी पातळ. दोन्हींतून वीज वाहत नाही, दोन्हींना लोहचुंबक ओढत नाही. पण जिथं ते एकमेकांना चिकटतात, त्या सांध्यातून वीज वाहायला लागते. दोन अबोल पाहुणे एका पलंगावर शेजारी बसवावेत आणि त्यांच्या मधूनच कुजबूज ऐकू यावी, तसला प्रकार. ही कुजबूज आता जगाला ठाऊक आहे. त्या सांध्यात चुंबकत्वही असतं का, यावर मात्र भांडणं आहेत. माझं म्हणणं, असतं. आमच्या जुन्या यंत्रावर मला ते पुसटसं दिसलं होतं आणि माझ्या प्रबंधाचा शेवटचा धडा तेवढ्या पुसट खुणेवर उभा होता.

मिळायच्या तेवढ्या मुदतवाढी मिळून झाल्या होत्या. आमचे गाईड देसाई सर म्हणाले, "संभाजीनगरला चांगलं यंत्र आहे. तिथं दिसलं तर प्रबंध सादर कर. नाही दिसलं, तर मग बघू." सरांच्या 'मग बघू'मधून आजवर कुणी सुखरूप बाहेर आलेलं माझ्या ऐकिवात नाही.

सोबत आप्पा होते. आप्पा म्हणजे माझे सासरे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, काखेत छत्री. "आयुष्यभर पोरांना जायकवाडी धरण नकाशात दाखवलं, एकदा डोळ्यांनी बघून येतो," असं म्हणून ते निघाले. बसमध्ये त्यांनी माझा नमुना बघायला मागितला. मी डबी उघडून दाखवली. आत नखाएवढा चौकोनी तुकडा, काचेसारखा आरपार.

"ह्यात काय दिसंना की."

"दिसत नाहीच, आप्पा."

"मग त्यास्नी दाखवणार काय तू?"

यावर मी खिडकीबाहेर बघायला लागले.

पहिला दिवस, पेढे

यंत्र ज्यांच्या ताब्यात आहे त्या साळवे मॅडम माझ्याच वयाच्या. उस्मानपुऱ्यात राहतात, भराभर बोलतात आणि भर उन्हाळ्यात स्वेटर घालतात, कारण यंत्राच्या खोलीत एसीचा गारठा असतो. आमची उतरायची सोय त्यांनी स्वतःच्याच घरी केली होती. "लॉजवर कशाला? घर काय लांब हाय का?" एवढ्यावर तो विषय संपला.

यंत्र पाहून आप्पांनी हात जोडले. फ्रिजला पाण्याची घागर जोडावी तसं ते दिसतं, पण कोट्यवधींचं आहे. नमुना त्यात सोडायचा, बर्फालाही हुडहुडी भरेल इतका गार करायचा, चुंबकीय क्षेत्र वाढवत-उतरवत न्यायचं आणि पडद्यावर काय उमटतं ते बघायचं. सरळ तिरकी रेघ आली, तर चुंबकत्व नाही. मधे पोट सुटलेली फीत आली, तर आहे.

आता एवढ्या यंत्रात नमुना कशात घालून सोडतात? थंड पेय प्यायच्या प्लास्टिकच्या स्ट्रॉमध्ये. मी थट्टा करत नाही. स्ट्रॉ हलकी असते, सरळ असते आणि तिला स्वतःला चुंबकत्व जवळजवळ नसतं, म्हणून आमच्या धंद्यात भले भले लोक स्ट्रॉच वापरतात. आणि आपल्याकडं तर प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी.

"बंदी आल्यापासून लई जपून वापरतो," साळवे मॅडम कपाटातून पुडकं काढत म्हणाल्या. "कागदाची घालून पाहिली, ती जाड, आत अडकते. साध्या होत्या त्या संपल्या बघा. आता ह्या केशरी रेघांच्या उरल्यात. आमच्या इथल्या पोरांचं काम सगळं चुंबकाच्या भुकटीवर, त्यांना ह्याच चालतात."

मला काय, कुठलीही चालली असती. निदान तेव्हा मला तसं वाटलं. नमुना स्ट्रॉत बसवला, स्ट्रॉ यंत्रात उतरवली आणि आम्ही तिघं पडद्यापुढं बसलो. ठिपक्यामागून ठिपका उमटत गेला, आणि बघता बघता जी फीत तयार झाली ती काय सांगू! आमच्या कोल्हापुरातली फीत उपाशी गांडुळासारखी. ही चांगली खात्यापित्या घरची. साळवे मॅडमनी माझा हात गच्च धरला. आप्पा आमच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होते.

"पास?" त्यांनी विचारलं.

"पास, आप्पा!"

पुढच्या घटकेत आप्पांनी कोल्हापुरातल्या झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. मी बाहेर जाऊन पेढे आणले. देसाई सरांना फोन केला, तर ते "हं" म्हणाले. सरांचे 'हं' अनेक प्रकारचे असतात, पण हा त्यातल्या त्यात आनंदाचा होता.

त्या आनंदात आम्ही नान खलिया खायला गेलो. नान म्हणजे हळदीच्या रंगाची, मऊ, ताटाबाहेर डोकावणारी भलीमोठी रोटी आणि खलिया म्हणजे मटणाचा रस्सा. आप्पांनी वाटीत वाकून पाहिलं. "ह्याला तांबडा म्हणायचा की पांढरा?" मग एक घास घेतला आणि गप्प झाले. कोल्हापूरचा माणूस दुसऱ्या गावच्या मटणापुढं गप्प होणं ही साधी गोष्ट नव्हे. दुसरी नान मागवताना ते हळूच म्हणाले, "घरी सांगू नको."

फजिती संध्याकाळी झाली. साळवे मॅडमच्या घरी पोचल्यावर आप्पा रिवाजाप्रमाणे हातपाय धुवायला गेले. आमच्याकडं नळ सोडायचा आणि पाय चोळत बसायचं, मधे दोन अभंगही होतात. इथं बादली होती. आप्पांनी ती निवांतपणे पायांवर रिकामी केली, मग शेजारचीही केली. बाहेर आले तर घरातली सगळी माणसं अगदी अदबीनं भिंतीकडं बघत होती. या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, हे मला जेवताना कळलं. येसर मसाल्याची आमटी इतकी फक्कड झाली होती, पण आप्पांच्या घशाखाली घास उतरेना.

"राहू द्या हो," साळवे मॅडम म्हणाल्या. "उद्या पाण्याचा दिवस हाय."

दुसरा दिवस, पाण्याचा

पाण्याचा दिवस म्हणजे काय, ते बघायला एकदा उस्मानपुऱ्यात जावं. पहाटेपासून गल्लीत लगबग. टाकी, ड्रम, हंडे, कळशा, कुकर, भगुणी सगळं तोंड उघडून रांगेत बसलेलं. साळवे मॅडमनी ऑफिसला रजा टाकली होती. कारणापुढं नुसतं 'पाणी' लिहिलं की साहेब सही करतात म्हणे. आमच्याकडं असा अर्ज कुणी केला, तर त्याला डॉक्टरकडं पाठवतील.

मी मात्र रात्रभर तळमळले होते. ती फीत फारच मोठी होती. माझा सांधा इतका पातळ, की त्यातून एवढं चुंबकत्व निघणं म्हणजे चमचाभर डाळीत गावजेवण. शिवाय गार केला काय आणि गरम केला काय, नमुन्याला काही फरकच पडत नव्हता. मनात एक शंका होती, आणि ती तपासायची एकच रीत होती. रिकामी स्ट्रॉ यंत्रात घालून मोजायची. दुपारनंतर यंत्र दुरुस्तीसाठी बंद होणार होतं. गप्प बसले असते तर कुणी विचारणार नव्हतं. पेढे वाटून झाले होते, प्रबंध सादर झाला असता, मी डॉक्टर झाले असते. हे सगळं मी उशीवर डोकं ठेवून नीट विचार करून बघितलं, आणि मला त्याचा मोहही झाला.

सकाळी मी साळवे मॅडमना म्हटलं, "मला रिकामी स्ट्रॉ मोजायचीय."

"आज?" त्या हातात पाइप धरून उभ्या होत्या. "आज पाणी हाय की."

मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांना काय ते कळलं. आमच्या धंद्यातल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि पाइप सरळ आप्पांच्या हातात दिला. "काका, सगळं भरा. एक थेंब सांडायचा नाय."

आप्पांनी तो पाइप दोन्ही हातांनी धरला.

रिकाम्या केशरी रेघांच्या स्ट्रॉनं पडद्यावर फीत काढली. तीच. तितकीच खात्यापित्या घरची. रंगात कसलं तरी लोखंड असणार. साळवे मॅडमच्या विद्यार्थ्यांच्या भुकटीत चुंबकत्व इतकं दांडगं असतं, की त्यापुढं रेघांचा आवाज ऐकू येत नाही. माझा नमुना बिचारा मुळातच पुटपुटणारा. म्हणजे काल आम्ही ज्यूस प्यायच्या नळीच्या चुंबकत्वाचे पेढे खाल्ले होते. टेबलावर बॉक्स अजून होता. साळवे मॅडमनी त्यातला एक पेढा उचलला आणि खाऊन टाकला.

"साधी स्ट्रॉ पाहिजे," त्या म्हणाल्या. "बिनरेघांची. तुम्ही शोधा, मी यंत्र गार ठेवते. दुरुस्तीवाल्याला चहात गुंतवते."

पडेगावचा रस्ता

तेवढ्यात आप्पा रिक्षानं येऊन पोचले. घरातली सगळी भांडी त्यांनी काठोकाठ भरली होती, फुलदाणीसकट. आम्ही दोघं निघालो.

बंदी असलेली वस्तू मागत फिरायचं, तर बरोबर आप्पांसारखा माणूस नसावा, हे मला पहिल्याच दुकानात कळलं. पांढरी टोपी, काखेत छत्री, चष्म्यावरून रोखून बघणं. दुकानदाराची नजर टोपीवर जायची आणि प्लास्टिक हा शब्द त्यानं जन्मात ऐकलेला नसायचा. "नाय बाई, आम्ही कागदाचीच वापरतो. हे पाहा, हे पाहा." एकानं तर न विचारता कापडी पिशव्याही दाखवल्या. आमच्याकडं दुकानदार 'न्हाई' म्हणाला की पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळतो. इथले 'नाय' म्हणून वर बसायला खुर्ची आणि चहा देतात. गुलमंडीपासून निराला बाजारापर्यंत आमचा इतका चहा झाला, की आप्पांना जायकवाडी आठवायला लागलं.

शेवटी रिक्षावालाच म्हणाला, "पडेगावकडं चला. दौलताबादला जाणारे टुरिस्ट थांबतात तिथं, काही तरी असंल."

तिथल्या ज्यूस सेंटरचे मालक खालिदभाई, पोट सुटलेले, हसरे. प्लास्टिक म्हणताच त्यांचं हसू गेलं.

"नाय मॅडम, अपने कने सिर्फ कागज का. बंदी है ना." मग आप्पांकडं बघून, "साहब कुठून आलेत?"

"कोल्हापूर," आप्पा म्हणाले.

"वहाँ से भेजते अब?"

मी म्हटलं, आम्हाला फक्त बिनरेघांची पाहिजे, एकही रेघ नको. त्यावर त्यांचा चेहरा आणखी पडला. "रेघ नको? रेघ का क्या करते तुम्ही लोक?"

दुपार कलायला लागली होती, यंत्र बंद व्हायची वेळ आली होती, आणि माझी इतक्या वर्षांची मेहनत एका नळीसाठी अडली होती. मला रडू यायचंच बाकी होतं. तेव्हा आप्पांनी छत्री काउंटरला टेकवली, दोन ताटल्या पुढं ओढल्या आणि चौथीच्या वर्गाला शिकवावं तशा आवाजात सुरुवात केली.

"ही एक ताटली. हिच्यात वीज न्हाई, चुंबक न्हाई. ही दुसरी. हिच्यातबी न्हाई. आता ही हिच्यावर ठेवली. सांगा, मधे काय?"

"काय?" खालिदभाईंनी मिक्सर बंद केला.

"मधे वीज!"

"या अल्लाह."

"आता त्या मधल्या फटीत चुंबक हाय का न्हाई, हे माझ्या सुनंला बघायचंय. त्याला मोठं मशीन हाय. त्या मशीनमधे ही ताटली घालायची ती कशातनं? स्ट्रॉमधनं. रेघांची स्ट्रॉ घातली तर रेघच बोलती, ताटली गप्प."

"करोडों की मशीन," खालिदभाई सावकाश म्हणाले, "और उसमें ज्यूस का स्ट्रॉ?"

"व्हय."

खालिदभाईंनी आप्पांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, ताटल्यांकडं पाहिलं. मग हात पुसले. "महापालिकेवाला लाख झूठ बोलेल," ते म्हणाले, "पण इतका नाय बोलणार. ये सच्चा है." आणि ते आत गेले.

केळ्यांच्या क्रेटमागून एक वर्तमानपत्रात बांधलेला गठ्ठा निघाला. स्वच्छ, पांढऱ्या, बिनरेघांच्या स्ट्रॉ. "पुराना माल. फेकायची पण भीती, ठेवायची पण भीती. घेऊन जा." मी मूठभर घेतल्या. रिक्षात बसत होते, तोच ते धावत आले. आता त्यांना वेगळीच काळजी लागली होती. "मॅडम, इसमें भी चुंबक निकला तो? इतने साल बच्चों को पिलाया मैंने." मी म्हटलं, निघालं तरी कुणाला काही होत नाही. "नक्को, नक्को. रिझल्ट बताके जाना."

रेघ

दुरुस्तीवाला चौथ्या चहावर होता. साळवे मॅडमनी आधी नवी स्ट्रॉ रिकामीच मोजली. सरळ तिरकी रेघ, चांगली सुतात. मग माझा नमुना घातला. ठिपक्यामागून ठिपका उमटत गेला. मला तिथल्या गारठ्यातही घाम फुटला होता. फीत फुगते का, म्हणून मी पडद्याला नाक लावून बघत होते.

रेघ. सरळ. तिरकी.

"अजून गार करून पाहू," साळवे मॅडम म्हणाल्या. आणखी गार केलं. पुन्हा रेघ. वाईट वाटलं, हे उगाच कशाला लपवू? फार वाईट वाटलं. आप्पांना काही सांगावं लागलं नाही. कोल्हापुरातल्या नातेवाइकांना आता उलट फोन करावे लागणार, या विचारानं त्यांनी मोबाइल बंदच करून ठेवला.

मी देसाई सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. रेघांची स्ट्रॉ, रिकामी स्ट्रॉ, बिनरेघांची स्ट्रॉ. पलीकडून एकही 'हं' आला नाही. मला वाटलं फोन कटला.

"सर?"

"आपल्याकडच्या हिरव्या रेघांच्या आहेत," सर म्हणाले.

ते माझ्याही लक्षात आलं होतं, बोलायची हिंमत नव्हती. बंदी येणार म्हटल्यावर सरांनी स्वतः त्या गठ्ठ्यानं आणून ठेवल्या होत्या. त्याच स्ट्रॉमधून माझी उपाशी फीत निघाली होती. त्याच स्ट्रॉमधून सरांचा तो पेपरही निघाला होता, जो आमच्या विभागात फ्रेम करून लावला आहे.

"त्या ज्यूसवाल्याकडं अजून आहेत का?" सरांनी विचारलं.

"आहेत."

"असतील तेवढ्या आण. पहिल्यापासून सगळं परत मोजायचं."

"सगळं, सर?"

"सगळं. माझं आधी." मग म्हणाले, "आणि तुझा शेवटचा धडा आता हाच. काय दिसलं नाही आणि आधी का दिसलं होतं, ते लिही. मुदत आहे तोवर लिही. मी सही करतो." आणि फोन ठेवला. या माणसाला मी इतकी वर्षं भीत आले, पण त्या दिवशी समोर असते तर पायाच पडले असते.

जायकवाडी राहिलंच. बस सुटायच्या आधी आम्ही पुन्हा पडेगाव गाठलं. खालिदभाई लांबूनच ओरडले, "निकला क्या?"

"नाही निघालं, खालिदभाई. काहीच नाही."

"अल्हम्दुलिल्लाह!" त्यांनी दोन्ही हात वर केले, आप्पांना मिठी मारली, आम्हाला स्टुलावर बसवलं आणि डाळिंबाचा रस काढायला घेतला. मागितला नव्हता तरी उरलेला सगळा गठ्ठा माझ्या मांडीवर आणून ठेवला. तेवढ्यात एक माणूस स्कूटर थांबवून उतरला. खालिदभाईंनी त्याला ऑर्डरसुद्धा देऊ दिली नाही.

"अपना माल करोडों की मशीन में टेस्ट झाला, मालूम? एकदम सीधी लाइन."

"काय निघालं?"

"कायच नाय!"

"कायच नाय?" त्या माणसानं कौतुकानं माझ्या मांडीवरच्या गठ्ठ्याकडं पाहिलं. "भारी की. कुणी केली टेस्ट?"

आप्पांनी मला कोपरानं ढोसलं. "सांग की. का आता मीच सांगू?"

मी रसाचा ग्लास खाली ठेवला, उभी राहिले आणि माझ्या प्रबंधाचा निकाल त्या अनोळखी माणसाला पहिल्यांदा मोठ्यानं सांगितला. "मी केली. काहीसुद्धा नाही."